बुरुलचा फिरवलेला पाय

बुरुलच्या डाव्या पायाला गुडघा नाही. गुडघ्याच्या जागी तिचा घोटा आहे आणि त्याखालचं पाऊल मागे तोंड करून आहे. म्हणजे टाच पुढे, बोटं मागे. त्या पावलावर ती कृत्रिम पाय चढवते, वरून पँट ओढते आणि कामाला लागते. कोकजार या किरगीझ गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण हे झालं कसं, ते सांगताना जो तो आपल्या पदरचं मीठ घालतो. कुणी म्हणतं घोड्यानं लाथ मारली, कुणी म्हणतं डॉक्टरांनी पाय चुकून उलटा शिवला. तसं काही नव्हतं.

बुरुल ही कासिमालीची तिसरी मुलगी. पहिल्या दोघींनंतर तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा काल्चा आजीनं तिचं नाव ठेवलं बुरुल. बुरुल म्हणजे ‘फिर’, ‘वळ’. आता तरी दैव फिरू दे आणि पुढचा मुलगा होऊ दे, असा त्याचा अर्थ. दैव फिरलं, पाठोपाठ दोन मुलगे झाले. पण घोड्यावर बसण्यात त्या दोघांनाही बुरुलची सर आली नाही. कासिमाली उन्हाळ्यात मेंढ्या आणि घोड्या घेऊन सोन-कुल तळ्याच्या कुरणावर जायचा, तेव्हा संध्याकाळी घोड्या वळवून आणायचं काम अकरा वर्षांची बुरुल करायची. तिची स्वतःची अशी एक घोडी होती, कपाळावर पांढरा पट्टा असलेली. तशा पट्ट्याला काश्का म्हणतात, म्हणून घोडीलाही सगळे काश्काच म्हणत.

त्या उन्हाळ्यात बुरुलचा पाय दुखायला लागला. डाव्या गुडघ्याच्या जरा वर, आत कुठेतरी. चालताना कमी, पडून राहिल्यावर जास्त.

“हाडं वाढताहेत,” काल्चा आजी म्हणाली. “तुझ्या बापाचीही अशीच दुखायची. वाढू दे, उंच होशील.”

मग एक दिवस ओल्या उतारावर काश्काचा पाय घसरला आणि बुरुल खाली पडली. पडली म्हणजे काय, गवतावर लोळली. अशी ती आठवड्यातून एकदा तरी लोळायची. पण त्यानंतर गुडघ्याच्या वर सूज दिसू लागली आणि घरातल्या सगळ्यांना कारण मिळालं. पोर घोडीवरून पडली, पाय मुरगळला.

खालच्या कुरणावर तुर्दुबाय नावाचा हाडवैद्य होता. पंचक्रोशीत कुणाचा हात मोडो, खांदा निखळो, तुर्दुबायकडेच न्यायचे. तो आला, बुरुलचा पाय मांडीवर घेऊन त्यानं बोटांनी चाचपला. “मोडलेलं नाही,” म्हणाला. मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करून त्यानं पाय चोळला, वर लोकरी पट्टी बांधली. बुरुलनं दात-ओठ खाऊन सहन केलं. तुर्दुबाय पुन्हा आला, पुन्हा चोळलं. सूज कमी व्हायची सोडून वाढतच गेली, आणि हात लावला तर कातडी गरम लागायची. पुढच्या खेपेला तुर्दुबायनं चरबीचं भांडं उघडलंच नाही. पायावर नुसता तळवा ठेवून बराच वेळ बसला आणि मग कासिमालीला तंबूबाहेर घेऊन गेला. तंबूच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, भिंतीतून बोलणं आत ऐकू येत होतं.

“कासिमाली, हे माझं काम नाही. तिला शहरात ने. फोटो काढ हाडाचा.”

“मग इतके दिवस काय चोळत बसला होतास?”

“मला वाटलं मुरगळलंय. चुकलं माझं. मोडलेलं हाड हाताला कळतं. हे हाड मोडलेलं नाही. त्याच्यावर काहीतरी उगवतंय. चोळू नको आता, आणि दुसऱ्या कुणाला चोळूही देऊ नको.”

कासिमाली त्याला वाटेल ते बोलला. तुर्दुबायनं ऐकून घेतलं आणि स्वतःचा घोडा दिला, कारण कासिमालीचे घोडे पलीकडच्या खोऱ्यात चरत होते.

नारिन शहरातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि काही न सांगता बिश्केकच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. बिश्केकला त्यांना डॉक्टर हेगाय भेटले. हा कोरियन माणूस, आजा-पणजापासून याच मुलखात वाढलेला. किरगीझ बोलताना तो शब्द शोधत शोधत बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं सावकाश आणि साधं असायचं. बुरुलची आई सोनुन हिला ते बरं वाटलं. बाकीचे डॉक्टर घाईनं बोलायचे.

हेगायनं एक्स-रे भिंतीवरच्या दिव्यावर लावला. “हे मांडीचं हाड. वरून खाली येतंय बघा, कड कशी स्वच्छ आहे. आणि इथे, गुडघ्याच्या वर, कड विरली आहे.”

कासिमालीनं पाहिलं. कसर लागलेल्या नमद्यासारखं दिसत होतं ते. हाडाच्या बाहेर मांसात बारीक बारीक पांढरे काटे गेले होते.

“ही गाठ आहे,” हेगाय म्हणाले. “हाडाचा कॅन्सर. सुईनं तुकडा काढून तपासावं लागेल, पण मला फारशी शंका नाही.”

सोनुननं विचारलं, “घोडीवरून पडल्यामुळे?”

“नाही. पडल्यामुळे ही होत नाही. आधीच होती, पडल्यावर तुमचं लक्ष गेलं एवढंच. मुलांची हाडं टोकांना वाढतात. सगळ्यात भराभर वाढतं ते गुडघ्याच्या वरचं टोक, आणि हा आजार तीच जागा धरतो. का धरतो ते कुणाला माहीत नाही. उंच होणाऱ्या मुलांना होतो. तुम्ही काही केलं म्हणून नाही, केलं नाही म्हणूनही नाही.”

कासिमाली खुर्चीवर बसला होता तो एकदम वाकला आणि त्यानं तोंड हातांत घेतलं. गेले कित्येक दिवस तो एकच विचार करत होता, की त्या ओल्या उतारावर आपणच तिला पाठवलं.

तपासणीत गाठ तीच निघाली. फुप्फुसांचाही फोटो काढला, कारण ही गाठ पसरली की आधी तिकडे जाते. फुप्फुसं स्वच्छ होती. हेगायनं सांगितलं, आधी औषध, मग ऑपरेशन, मग परत औषध. वर्षभराचं काम आहे.

औषध सलाईनमधून जायचं. त्यातलं एक लालभडक होतं. ते घेतल्यावर लघवीही लाल व्हायची आणि पहिल्यांदा ते पाहून बुरुलनं आरोळी ठोकली होती. केस गेले, भुवया गेल्या. तोंड आतून सोलून निघालं. सोनुन तिच्याजवळ राहिली आणि कासिमाली मेंढ्यांकडे परत गेला, कारण घरात खाणारी आणखी तोंडं होती. ओकाऱ्या थांबेनात तेव्हा सोनुन तिला कुरुत चघळायला द्यायची. कुरुत म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या, त्यानं जरा मळमळ बसायची.

शेजारच्या खाटेवर उझगेनची माहलियो होती. उझबेक मुलगी, बुरुलपेक्षा वर्षभरानं मोठी. तिला हाच आजार दंडाच्या हाडात, खांद्याजवळ झाला होता. माहलियोची जीभ म्हणजे वस्तरा.

“तुझं डोकं बघ, उकडलेल्या अंड्यासारखं,” ती बुरुलला म्हणायची.

“आणि तुझं?”

“माझं गोल आहे. तुझं चपटं आहे. तुझ्या आईनं तुला पाळण्यात नीट निजवलं नाही.”

एवढ्यावरून सोनुन आणि माहलियोची आई दोघी खुदुखुदु हसायच्या. त्या खोलीत हसायला फार मोठं कारण लागत नसे.

ऑपरेशनची वेळ जवळ आली तेव्हा हेगायनं कासिमालीला बोलावून घेतलं. त्याच्याबरोबर काल्चा आजीही आली. अख्ख्या आयुष्यात ती नारिनच्या पलीकडे गेली नव्हती, पण या खेपेला कुणाचं ऐकेना. येताना कासिमालीनं मेंढी कापून उकडलेलं मटण आणलं होतं. हॉस्पिटलमागच्या बाकावर सोनुननं कापड पसरलं आणि हेगायना आग्रह करकरून बसवलं. पाहुण्याला कुठलं हाड द्यायचं ते कोकजारमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. खुब्याचं सर्वात वडीलधाऱ्याला, त्याखालोखाल मांडीची नळी, मग नडगी. कासिमालीनं आईला खुब्याचं दिलं आणि डॉक्टरांना मांडीची नळी. हेगायनं ती हातात धरली आणि खाता खाता थांबले.

“यावरच सांगतो,” ते म्हणाले. “तीन रस्ते आहेत. पहिला, पाय इथून वर कापायचा.” त्यांनी नळीच्या वरच्या टोकाजवळ बोट ठेवलं. “सगळ्यात सोपा, सगळ्यात खात्रीचा. पण एवढासा खुंट राहतो, त्यावर कृत्रिम पाय नीट चालत नाही. दुसरा, आजारी हाड काढून धातूचा सांधा बसवायचा. बाहेरून पाय चांगला दिसतो. पण ती अजून वाढणार आहे. धातू वाढत नाही, पुन्हा पुन्हा उघडावं लागेल. आणि धावणं, उड्या मारणं, घोडा, सगळं बंद.”

“तिसरा?”

“तिसरा ऐकायला विचित्र आहे.” हेगायनं बोटं पुसली. “मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि गुडघा काढून टाकायचा. पण खालचा पाय टाकायचा नाही, तो चांगला आहे. नडगी वर सरकवायची, मांडीच्या उरलेल्या हाडाला जोडायची. घोटा मग बरोबर गुडघ्याच्या जागी येतो.”

कासिमालीनं आयुष्यात किती मेंढ्यांचे सांधे सोडवले असतील त्याला गणती नव्हती. तो म्हणाला, “पण घोटा तर पुढे दुमडतो. गुडघा मागे दुमडायला हवा.”

“म्हणून पाय फिरवून जोडायचा. टाच पुढे, बोटं मागे. मग घोटा गुडघ्यासारखाच दुमडतो. तिनं मनात पाऊल वर उचललं की गुडघा वाकेल. पावलाखाली कृत्रिम पाय बसेल, आणि तो ओढायला, ढकलायला तिचे स्वतःचे स्नायू असतील.”

आजीच्या हातातलं हाड कापडावर पडलं.

“उलट्या पायाची?” ती ओरडली. “उलट्या पायाची तर अल्बार्स्ती असते! बाळंतिणीच्या छातीवर बसून काळीज काढणारी! माझ्या नातीची तुम्ही डाकीण करणार?”

“आई, हळू,” कासिमाली म्हणाला.

“हळू काय हळू! मी तिचं नाव बुरुल ठेवलं ते पोरगा व्हावा म्हणून. पोरीचा पाय फिरावा म्हणून नव्हे!”

हेगायना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मग सरळ सांगितलं, “मी हे परदेशात शिकलोय. स्वतःच्या हातानं एकदाच केलंय, एका मुलावर. तो चालतो, फुटबॉल खेळतो. पण रक्तवाहिन्या दगा देऊ शकतात. तसं झालं तर शेवटी वरूनच कापावा लागेल. हे आधीच सांगितलेलं बरं.”

सोनुन इतका वेळ कापडाच्या कडेला बसून भाकरीचे तुकडे करत होती. ती म्हणाली, “पाऊल तिचंच राहणार ना?”

“तिचंच.”

“त्याला स्पर्श कळेल?”

“कळेल. नस कापत नाही आम्ही, गुंडाळी करून ठेवतो.”

“मग पोरीला विचारू या,” सोनुन म्हणाली.

“अकरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं!” आजी म्हणाली.

“पाय तिचा आहे, आई.”

बुरुलला विचारलं. हेगायनं तिच्या खाटेवर बसून कागदावर चित्र काढून दाखवलं. तिनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि एकच विचारलं, “घोड्यावर बसता येईल?”

“मला वाटतं, येईल. शपथ घेऊन सांगत नाही.”

“आणि वरून कापलं तर?”

“फार कठीण.”

“मग फिरवा,” बुरुल म्हणाली. पलीकडच्या खाटेवरून माहलियो म्हणाली, “बरं झालं. आता तुला स्वतःच्याच मागे चालता येईल.”

ऑपरेशन दिवसभर चाललं. शुद्धीवर आल्यावर बुरुलनं पांघरूण उचललं आणि लगेच परत टाकलं. चित्र पाहणं वेगळं आणि आपलीच पाच बोटं मांडीखाली मागच्या बाजूला पाहणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सोनुननं कोमट पाण्याचं भांडं आणलं, पांघरूण बाजूला केलं आणि ते पाऊल धुवायला घेतलं, जसं घरी रोज पाय धुवायची तसंच. बोटांच्या बेचक्यांतून कापड फिरवलं. नखं वाढली होती ती कापली.

“अंगठा हलव,” ती म्हणाली.

बुरुलनं अंगठा हलवायचा प्रयत्न केला. तो हलला. पण हलला तो भलत्याच बाजूला, आणि त्याचं इतकं नवल वाटलं की ती रडायचं विसरली.

पुढचं औषध उन्हाळ्यापर्यंत चाललं. मधल्या काळात माहलियोच्या फुप्फुसांत गाठी दिसल्या. तिला घरी नेलं. जाताना तिनं आपला रेशमी रुमाल बुरुलच्या टकलावर बांधला आणि म्हणाली, “केस आले की परत दे.” पुढच्या वसंतात उझगेनहून कुणीतरी निरोप आणला, की माहलियो गेली. तो रुमाल बुरुलकडेच राहिला. तिच्याविषयी बोलायला बुरुलला आजही आवडत नाही, म्हणून इथेही एवढंच.

कृत्रिम पाय आला तेव्हा चालायला शिकणं ही एक वेगळीच लढाई झाली. मेंदू जुना आणि पाय नवा. गुडघा वाकवायचा तर बोटं उचलायची. पाय सरळ करायचा तर चवड्यावर उभं राहिल्यासारखं करायचं. सुरुवातीला ती दोन पावलं टाकायची आणि भिंतीवर आदळायची. पाऊल कृत्रिम पायाच्या आतल्या चामड्याला घासून फोड यायचे. मग हळूहळू एक दिवस असा आला, की काही न आठवता ती दारापर्यंत गेली. दारापाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

ती कोकजारला परतली त्या दिवशी अख्खं गाव दारात उभं होतं. सगळ्यांना पाय बघायचा होता आणि विचारायची कुणाची छाती होत नव्हती. मुलांची मात्र झाली. शाळेत दुसऱ्याच दिवशी तिला अल्बार्स्ती हे नाव पडलं. बुरुल घरी येऊन रडली नाही, तिनं डोकं चालवलं. कोकजारची मुलं मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळतात, आपल्याकडे गोट्या खेळतात तशी. त्या हाडाला चुको म्हणतात आणि ज्याच्याकडे जास्त चुको तो राजा. बुरुलनं जाहीर केलं, “उलटं पाऊल बघायला एक चुको. हात लावायला तीन.”

थंडी सरायच्या आत तिच्याकडे थैलीभर चुको जमले आणि बघायचं कुणी बाकी राहिलं नाही. एकदा सगळ्यांनी पाहिल्यावर त्यात चिडवण्यासारखं काही उरलं नाही.

काल्चा आजीनं मात्र ते पाऊल पाहिलं नव्हतं. बुरुल कृत्रिम पाय काढायला बसली की आजी उठून बाहेर जायची, कधी शेण गोळा करायला, कधी नुसतीच. एका दुपारी घरात दोघीच होत्या. बुरुलच्या मागे वळलेल्या बोटांखाली फोड आला होता आणि तो कुठे आहे ते तिला स्वतःला नीट दिसत नव्हतं.

“आजी, जरा बघ ना. मला दिसत नाहीये.”

“आई आल्यावर दाखव.”

“झोंबतंय गं!”

आजी कुरकुरत जवळ आली. डोळे बारीक करून तिनं फोड पाहिला, चरबी लावली. लावता लावता तिचं बोट तळव्यावरून गेलं आणि बुरुल फिसकन हसली.

“काय झालं?”

“गुदगुल्या होतात!”

आजीनं मुद्दाम पुन्हा बोट फिरवलं. बुरुल लोळायला लागली. आजी मागे टेकून बसली आणि विचार करून म्हणाली, “अल्बार्स्तीला गुदगुल्या होत नाहीत.” मग हात धुऊन चहा करायला गेली.

राहता राहिला घोडा. कासिमालीनं तो विषय काढूच द्यायचा नाही असं ठरवलं होतं. “वाचलीस तेवढं पुरे. खाली पडलीस आणि जोडलेलं हाड मोडलं तर मी त्या कोरियनला काय तोंड दाखवू?” बुरुलनं हुज्जत घातली, अबोला धरला, जेवण टाकलं. तो बधला नाही. अडचण खरीही होती. घोड्यावर डावीकडून चढतात, डावा पाय रिकिबीत घालून. तिचा डावा पाय तर हा असा. आणि उजवीकडून कुणी आलं तर काश्का बिथरायची, लाथ झाडायची.

वसंतात कुरणावर आल्यावर बुरुल एकदा लपतछपत काश्काजवळ गेली. डावीकडे प्रयत्न केला, कृत्रिम पाय रिकिबीतून निसटला. दोनदा आपटली. मग जीव मुठीत धरून उजव्या बाजूला गेली. तिला वाटलं आता घोडी उसळणार. काश्का जागची हलली नाही. कान मागे-पुढे केले आणि शांत उभी राहिली. बुरुल चढली. खोगिरात बसल्यावर तिनं मनातल्या मनात बोटं उचलली, आणि डावा पाय घोडीच्या बरगड्यांशी दुमडला. तळ्याच्या कडेनं घोडी हळूहळू चालवत लांब गेली आणि परत आली.

तंबूजवळ आई घोड्यांचं दूध काढत होती. तिनं मान वर केली.

“काश्का उजवीकडून कशी चढू देते?” बुरुलनं विचारलं.

“तुझ्या बापाला विचार. हिवाळाभर रोज सकाळी तिला उजवीकडून चढू द्यायला शिकवत होता. दोनदा लाथ खाल्ली, म्हणून तर लंगडत होता.”

“मग मला नको कशाला म्हणाला?”

“घोडी तयार नव्हती म्हणून,” सोनुन म्हणाली. “आणि तो स्वतःही.”

बुरुल मोठी झाली. वर्षातून एकदा बिश्केकला जाऊन फुप्फुसांचा फोटो काढायची, फोटो दर वेळी स्वच्छ निघायचा, आणि दर वेळी निकाल हातात पडेपर्यंत सोनुन पाणीसुद्धा प्यायची नाही. लंगडत राहिली, पण मागे राहिली नाही. वडिलांच्या घोड्यांतल्या दुभत्या घोड्या तिनं स्वतःच्या हातात घेतल्या आणि रस्त्याच्या कडेला तंबू टाकून कुमीस विकू लागली. घोडीचं दूध आंबवून केलेलं ते आंबट पेय घ्यायला लांबून गाड्या थांबायच्या.

अशाच एका गाडीतून मेलिस यायचा. कोळशाचा ट्रक चालवायचा. पहिल्या उन्हाळ्यात तो कुमीस पिऊन जायचा, दुसऱ्या उन्हाळ्यात पिऊन झाल्यावरही बसून राहायचा.

“लोक म्हणतात तुझा पाय उलटा आहे,” तो एकदा म्हणाला.

“लोक म्हणतात तुझं डोकं उलटं आहे. मी कुठे विचारलं?”

मेलिस हसून हसून खोकायला लागला. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी त्यानं मागणी घातली. बुरुलनं त्याला सरळ सांगितलं, की त्या लाल औषधानं मुलं होतील की नाही याची डॉक्टरांनाही खात्री नाही. तो म्हणाला, “माझा ट्रकही रोज सकाळी सुरू होईल याची खात्री नसते. तरी मी जातोच ना कामाला.”

त्याच्या आईला मात्र हे पटलं नव्हतं. बुरुल स्वतः तिच्या घरी गेली. चहा झाल्यावर तिनं तिथेच कृत्रिम पाय काढला आणि फिरवलेलं पाऊल पुढे केलं.

“हे बघा. नंतर कुणाकडून ऐकण्यापेक्षा आत्ताच बघा.”

म्हातारीनं पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. बोटं मोजल्यासारखी एकेक दाबली. मग विचारलं, “नूडल्सचं पीठ उभ्यानं लाटतेस की बसून?”

“उभ्यानं.”

“पातळ लाटतेस?”

“आरपार दिसेल एवढं.”

“बघू,” म्हातारी म्हणाली आणि पोळपाट आणायला उठली. लग्न झालं. तिसऱ्या वर्षी मुलगा झाला. त्या वेळी सासू दारात चाकू आणि लसूण ठेवून बसली होती, अल्बार्स्ती येऊ नये म्हणून. आत पाळण्याजवळ उलट्या पायाची सून बसलेली, पण यात काही विसंगत आहे हे त्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तुर्दुबाय हाडवैद्य म्हातारा होईपर्यंत हाडं बसवत राहिला. पण मार लागलेला नसताना लेकराचं हाड दुखतंय म्हणून कुणी आलं, की तो हात लावायच्या आधी म्हणायचा, “आधी फोटो काढून आण.” लोक कुरकुरायचे, तो ऐकायचा नाही. कासिमालीनं त्याच्याशी बोलणं कधी सोडलं नाही. त्याचा घोडा परत करताना त्यानं सोबत एक मेंढी दिली होती.

हेगाय निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई कधीकधी बुरुलला फोन करतात. असंच एखादं मूल आलेलं असतं, आईबाप गोंधळलेले असतात. बुरुल जाते, पाय काढून दाखवते, विचारतील ते सांगते. मागच्या शरदात जलालाबादचा एक बाप होता, मुलगी नऊ वर्षांची. बुरुल त्याच्याशी तासभर बोलली. हॉस्पिटलच्या आवारात त्याच्यासमोर पळूनही दाखवलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

“बहीण, तुझं खरं आहे,” तो शेवटी म्हणाला. “पण माझ्या पोरीनं तुझा पाय पाहिला आणि ती रडतेय. ती म्हणते, नसला तरी चालेल पण असा नको.”

बुरुलला राग आला. एवढं पळून दाखवलं ते वाया गेलं असं वाटलं. ती तोंडावर आलेलं बोलणार होती. मग तिला आठवलं, की तिलाही कुणीतरी विचारलं होतं आणि तिचं उत्तर मानलं होतं. ती म्हणाली, “मग तिचंच ऐका.” त्या मुलीचा पाय वरून कापला. ती कुबड्यांवर बरी चालते, शाळेत जाते. हिवाळ्यात फोनवर तिनं बुरुलला तास न् तास शिक्षिकेच्या तक्रारी सांगितल्या.

या वर्षीच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बुरुल-एजे, आता दरवर्षी यायची गरज नाही. इतकी वर्षं झाली. दोन-तीन वर्षांनी एकदा आलात तरी पुरे.”

वयानं मोठी म्हणून आता सगळे तिला एजे, म्हणजे ताई म्हणतात. तिला ते अजून सवयीचं झालेलं नाही.

“मी दरवर्षीच येणार,” बुरुल म्हणाली.

“भीती वाटते का?”

“थोडी वाटते. पण सासूला इथल्या ओश बाजारातला प्रेशर कुकर हवाय, आणि एकट्या कुकरसाठी बिश्केकला जाते म्हटलं तर मेलिस गाडीभाडं काढणार नाही.”

कुकर घेऊन ती गाड्यांच्या तळावर आली. नारिनच्या गाडीत तिनं दाराजवळची जागा मागून घेतली, तिथे डावा पाय लांब करता येतो. कुकर मांडीवर ठेवला. शेजारच्या बाईनं विचारलं, “कितीला पडला?” आणि मग खिंड येईपर्यंत दोघी कुकरच्या शिट्टीबद्दलच बोलत राहिल्या.